बाज कुठे टाकायची

उन्हाळा लागला की आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच प्रश्न निघायचा : आज बाजा कुठे टाकायच्या? त्यावर आजीचा शब्द शेवटचा. दिवेलागणीला ती मागच्या अंगणात यायची, पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवायची आणि सांगायची, "भितीपासून सरकवा रे. भित आज रातभर आग ओकनार हाये." मग आम्ही सगळी लेकरं बाजा ओढत अंगणाच्या मधोमध न्यायचो. तिथून वर पाहिलं की कडुनिंबाची एक फांदी सोडली तर नुसतं आभाळ. आजीला तीही फांदी नको असायची. "झाडाखाली दुपारी निजाचं, राती नाही," म्हणायची.

आजी शाळेत गेली नव्हती. मी भूगोल शिकले आणि भंडारा जिल्ह्यातल्या शाळांमधून तीस वर्षं तोच शिकवला. तरी तिच्या त्या दोन वाक्यांत किती शास्त्र होतं, हे कळायला मला अर्धी नोकरी लागली. गेल्या शंभर वर्षांत भंडारा शहर कसं वाढलं, हे लोकसंख्येच्या आकड्यांवरून सांगता येतं. इथे १८६७ साली नगरपालिका झाली, १९०१ च्या जनगणनेत गावात सुमारे १४ हजार माणसं होती आणि २०११ मध्ये सुमारे ९२ हजार. मला मात्र ही वाढ बाजेवरून दिसते. बाज आधी अंगणात होती, मग गच्चीवर गेली, मग कुलरच्या खोलीत आली, आणि शेवटी माळ्यावर टाकली गेली.

आधी घर सांगते. आमचं घर जुन्या वस्तीत, शुक्रवारीच्या बाजूला. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या फाट्यांवर कवेलू, पुढे छपरी, मागे सांदवाडी. अशा घरांची आठवण काढताना लोक हमखास म्हणतात की ती उन्हाळ्यात गार असत. दुपारी असत, हे खरं. बाहेर रस्त्यावर पाय ठेववत नसे तेव्हा मधल्या खोलीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाठ टेकली की झोप लागायची. जाड मातीतून ऊन आत यायला वेळ लागतो. पण दुपारभर भिंतीने घेतलेली ती उष्णता जाते कुठे? रात्री आठ-नऊला ती आतल्या बाजूला पोचायची, आणि मग मधल्या खोलीत जीव घाबरा व्हायचा. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जायची, कवेलू स्वतःही तासाभरात निवायचे, म्हणून पहाटेपर्यंत घर सुसह्य होई. पण रात्रीचा पहिला प्रहर घरात काढणं कठीणच. घर तेव्हाही तापायचं. फरक इतकाच होता की घराबाहेर रात्र होती.

आणि ती रात्र सगळ्यांना सारखी मिळत नव्हती, हेही लिहिलंच पाहिजे. म्हातारी माणसं समोरच्या ओट्यावर, पुरुष आणि पोरं रस्त्याच्या कडेलासुद्धा बाजा टाकून. बायका मागच्या अंगणात. नव्या सुनेला पहिले दोन-तीन उन्हाळे आतच काढावे लागत, फार तर दाराच्या उंबऱ्याशी. माझी आई १९५४ च्या वैशाखात लग्न होऊन आली. त्या उन्हाळ्याबद्दल ती कधी जास्त बोलली नाही. एवढंच सांगायची की ती लुगड्याचा पदर पाण्यात बुडवून अंगावर घेऊन निजायची आणि तो तासाभरात वाळून जायचा.

बाज म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. चार पाय, चार फळ्या आणि अंबाडीच्या सुंबाची वीण. अंबाडी प्रत्येक जण आपल्या धुऱ्यावर पेरायचा. कोवळा पाला भाजीला, बोंडं चटणीला, आणि उरलेली काडी पाण्यात कुजवून तिचा वाख. विणीतून खालून हवा लागते, म्हणून बाजेवर पाठ घामेजत नाही. कापसाच्या गादीवर निजणाऱ्याला हे सुख ठाऊक नसतं. शेजारी पितळेचा गुंड पाण्याने भरून, वर ओलं फडकं. भंडाऱ्याचं नावच 'भाना' म्हणजे पितळेवरून पडलं असं सांगतात. आमच्या गल्लीच्या टोकाला कासारांची घरं होती आणि दिवसभर ठोक्यांचा आवाज यायचा. वैशाखात मात्र त्यांची भट्टी पहाटे तीनला पेटायची आणि सूर्य हातभर वर येईस्तोवर विझायची. आम्ही अंगणात अर्धवट जागे असायचो तेव्हा भात्याचा तो श्वास ऐकू यायचा. कामाची वेळसुद्धा रात्रीच्या गारव्यावर बेतलेली होती.

अंगणाहून चांगली जागा एकच होती : वैनगंगेची रेती. मे महिन्यात नदी कारध्याच्या बाजूला एका धारेपुरती उरायची आणि बाकी सगळं पात्र पांढरंफेक. त्या रेतीत ढिवर-कहारांच्या डांगरवाड्या असत. खड्डे खणून, खत घालून टरबूज, डांगर, काकड्यांचे वेल सोडलेले, आणि राखणीला तणसाची झोपडी. दुपारी या रेतीवर अनवाणी चाललात तर तळव्याला फोड येईल. आणि रात्री दहानंतर तीच रेती इतकी गार की चादर लागावी. कोरड्या रेतीची ओढ वरवरची असते. ऊन खोल मुरत नाही, वरच्या चार बोटांतच राहतं, आणि उघड्या आभाळाखाली ते झपाट्याने निघून जातं. माझे मोठे बाबा उन्हाळ्यात आठ-आठ दिवस तिथेच निजायचे. सकाळी खांद्यावर टरबूज घेऊन घरी.

आता तिथे रेती दिसत नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली. धरणात पाणी साठू लागल्यावर त्याची फुगी थेट भंडाऱ्यापर्यंत आली. ज्या पात्रात डांगरवाड्या होत्या तिथे आता भर उन्हाळ्यात रुंद, संथ पाणी असतं. पाणी पाहून डोळ्यांना बरं वाटतं. त्या पाण्यासाठी कितीतरी गावं उठली, हे विसरून चालणार नाही. रात्रीपुरतं बोलायचं तर पाणी रेतीसारखं निवत नाही. ते दिवसाची उष्णता खोलवर घेतं आणि सावकाश सोडतं, वर हवेत ओल मिसळतं. नदीकाठचा गारवा म्हणून आम्ही जो ओळखायचो, तो पाण्याचा कमी आणि कोरड्या, उघड्या, निवणाऱ्या रेतीचा जास्त होता. हे मला नदी भरल्यावर उमगलं.

तलावांचंही तसंच आहे. तिथे जरा थांबते, कारण तलावांशिवाय भंडाऱ्याचा कुठलाच इतिहास लिहिता येत नाही.

माझं आजोळ साकोली तालुक्यात. गावाच्या वर तलाव, तलावाची पाळ, पाळीवर आंबे, पाळीखाली धानाच्या बांध्या. झाडीपट्टीतल्या शेकडो गावांची हीच रचना. हे तलाव बांधणारी जात म्हणजे कोहळी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांची ओळखच तलाव आणि ऊस या दोन गोष्टींनी करून दिली आहे. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन देण्याची रीत होती, त्यातून ही विद्या वाढली. सगळ्यांत प्रसिद्ध नवेगाव बांध. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सगळा मुलूख सांगतो. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तो बांध तिकडे गेला, पण आमच्या तोंडी तो अजून आपलाच आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव मोजले गेले. लहानसहान बोड्या तर त्यात धरलेल्याच नाहीत.

कोहळ्याचा तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हता. कुठे टेकडी आहे, कुठून पाणी उतरतं हे पाहून पाळ टाकलेली. पाणी सोडायला तुडुम, जास्तीचं पाणी जायला सलंग. सलंगावरून उतरलेलं पाणी खालच्या गावच्या तलावात, तिथून त्याखालच्या बोडीत. अशी माळ. धान तर पावसाळ्यातलं पीक. मार्गशीर्षात कापणी झाली की बांध्या मोकळ्या. पण तलावात पाणी उरायचं ते उसासाठी. ऊस उन्हाळाभर उभा लागतो, आणि त्याला उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं. आजोळी पाळीखालचा एक हिरवा पट्टा मला आठवतो. चहूकडे बांध्यांची भेगाळलेली काळी-पिवळी जमीन आणि मध्ये तो ऊस. दुपारी बाराला त्या पट्ट्याच्या कडेला उभं राहिलं की झळ एकदम मऊ व्हायची. पान पाणी सोडतं, पाणी वाफ होताना उष्णता उचलून नेतं. घामाने अंग निवतं तसंच हे. मामा त्या धुऱ्यावर बसून शिदोरी खायचे. घरी यायला वीस पावलं असताना ते तिथे का बसतात, हे मला तेव्हा कळत नसे.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्यायाचंच झालं. आमच्या आजोळचा मालगुजार काही देवमाणूस नव्हता. पण तलाव सरकारचे झाले तसा गावाचा हात त्यावरून निघाला. पूर्वी उन्हाळ्यात गाद काढायला घरटी माणूस जायचं आणि ती गाद बांधीत खत म्हणून पडायची. पुढे गाद कोणी काढायची, पाणी कोणी वाटायचं, पट्टी कोणाला द्यायची यावर पत्रव्यवहार सुरू झाले. तलाव उथळ होत गेले. उथळ तलाव फाल्गुनातच आटतो, मग ऊस कुठला? आजोळचा तो हिरवा पट्टा मी कॉलेजला जाईपर्यंत संपला होता.

शहरातले तलावही याच माळेतले. खांब तलाव आज चहूबाजूंनी वस्तीत आहे, मिस्किन टँकच्या काठी बगिचा आहे. ही दोन नावं टिकली. त्यांच्या भोवतालच्या कितीतरी बोड्यांना कागदावर नाव नव्हतं, त्या भरल्या गेल्या. आधी कडेला मुरूम पडतो, मग एक उन्हाळा ट्रॅक्टरच्या फेऱ्या, मग चुन्याच्या रेषा आणि फाटक : 'ले-आउट'. आमच्याकडे वसाहतीला हाच शब्द आहे.

आम्हीही अशाच एका ले-आउटमध्ये राहायला गेलो, खात रोडच्या बाजूला, १९८३ साली. बाबांनी आयुष्यभराच्या नोकरीतून बांधलेलं ते घर. स्लॅबचं. गल्लीतले लोक मुद्दाम पाहायला आले होते. कवेलू फिरवायची कटकट नाही, माकडांची भीती नाही, पावसाळ्यात गळणार नाही. बाबा स्लॅबवर पाय आपटून दाखवायचे. त्यांचा तो आनंद मला अजून पवित्र वाटतो, म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

पहिल्याच मेमध्ये आम्हाला कळलं की हे घर दिवसाहून रात्री जास्त तापतं. पाच इंची सिमेंटचा स्लॅब, वर सावली नाही, सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत ऊन. रात्री दहाला पलंगावर पडलं की छतातून कोणी निखाऱ्यांची घमेली उलटी धरल्यासारखं वाटे. पंखा लावला तर तीच हवा अंगावर. आजी त्या खोलीत एक रात्र निजली आणि दुसऱ्या दिवशी बाज घेऊन मागे गेली. मागे अंगण होतं, पण दोन्ही बाजूंना कुंपणाच्या भिंती आणि त्यापलीकडे शेजाऱ्यांची घरं उभी राहत होती. ती अंगणात मधोमध उभी राहिली, चारी भिंतींकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हे अंगन नाही, ही तर विहीर हाये."

मग गच्चीचं युग आलं. भंडाऱ्यात, नागपुरात, सगळ्या विदर्भात १९८० ते २००० ही वीस वर्षं गच्चीची. संध्याकाळी सहाला आम्ही तीन भावंडं बादल्या घेऊन वर जायचो. पहिल्या बादलीला स्लॅबवरून वाफ उठायची आणि ओल्या सिमेंटचा वास यायचा. दुसरी बादली, तिसरी, मग खराट्याने पाणी पसरवायचं. अर्ध्या तासाने पुन्हा. नऊच्या सुमाराला गच्ची बाजा टाकण्याजोगी होई. आजूबाजूच्या गच्च्यांवरही माणसं. मच्छरदाण्यांचे पांढरे चौकोन दूरवर दिसायचे, कोणाचा रेडिओ, कोणाचं बाळ. पहाटे चारला खात रोडच्या पुढच्या बांध्यांवरून वारा यायचा आणि पायाशी ठेवलेली गोधडी आपोआप वर ओढली जायची. एका रात्रीसाठी आमचं कुटुंब पंधरा-वीस बादल्या पाणी गच्चीवर ओतत होतं, हेही त्याच वेळी विहिरीची पातळी पाहताना मनात यायचं.

याच काळात शाळेत मी एक प्रयोग केला. साल १९९६, एप्रिल, नववीची परीक्षा संपलेली. पुस्तकात स्टीव्हन्सन पेटी होती : पांढरी, झडपांची, जमिनीपासून सव्वा मीटरवर, म्हणजे तापमापकाला ऊन न लागता हवा लागेल. ही पेटी काढणारे थॉमस स्टीव्हन्सन मूळचे दीपगृहं बांधणारे इंजिनीअर, कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. मुलांनी फळांच्या दोन लाकडी पेट्या पांढऱ्या रंगवल्या. एक चौकातल्या एका विद्यार्थ्याच्या दुकानामागे, दुसरी शहराबाहेर एका मुलीच्या बापाच्या बांधीत. दुपारी तीनला आणि पहाटे पाचला नोंद. चार दिवस.

मी वर्गात आधीच सांगून ठेवलं होतं की शहर जास्त तापतं. पहिल्या दुपारी नोंद आली ती उलटी. बांधीतला पारा चौकापेक्षा वर. मुलं माझ्याकडे पाहू लागली. पहाटेची नोंद आली आणि चित्र फिरलं : चौक गरम, बांधी चांगलीच गार. एका मुलाने शंका काढली की दोन तापमापकच वेगळे असतील. शंका रास्त होती, म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही तापमापक अदलाबदल केले. तरी तेच. दुपारी बांधी पुढे, पहाटे चौक पुढे. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याला हरल्यासारखं वाटलं नाही, काहीतरी सापडल्यासारखं वाटलं.

सापडलंच होतं. फक्त ते आधीही एकाला सापडलेलं होतं, हे मी नंतर वाचलं. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचे औषधं बनवणारे एक गृहस्थ होते. ढगांना आज आपण जी शास्त्रीय नावं देतो ती त्यांच्याच वर्गीकरणातून आली. त्यांनी वर्षानुवर्षं शहरातल्या आणि बाहेरच्या तापमानाच्या नोंदी जुळवल्या आणि १८१८ पासून लंडनच्या हवामानावर ग्रंथ काढला. त्यांचा हिशेब असा : रात्री शहर बाहेरच्यापेक्षा सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण दोन अंशांनी जास्त उबदार. दिवसा मात्र उलट, किंचित थंड. दोनशे वर्षांपूर्वीचं, कोळशाच्या धुरातलं लंडन आणि आमचं भंडारा, पण वळण तेच.

आमच्याकडे दुपारच्या उलट नोंदीला आणखी एक कारण आहे. २०१७ साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी, त्यांत हितेश्री शास्त्री आणि सुबिमल घोष होते, उपग्रहाच्या नोंदींवरून देशातली शहरं तपासली. त्यांना दिसलं की उन्हाळ्याच्या दिवसा बहुतेक शहरांची जमीन भोवतालच्या मुलखापेक्षा कमी तापलेली असते, कारण त्या दिवसांत शेतं उघडी पडलेली, पीक नाही, ओल नाही. रात्री मात्र शहर जास्त उष्ण. मी तो निष्कर्ष वाचला तेव्हा मला नववीच्या त्या मुलांना शोधून सांगावंसं वाटलं. आणि मामांचा उसाचा पट्टा आठवला. तो असता तर आमच्या बांधीतल्या पेटीने दुपारी कदाचित वेगळं सांगितलं असतं.

म्हणून मी आग्रहाने सांगते की शहराच्या वाढीने आमचं काय नेलं हे दुपारी शोधू नका. विदर्भाची दुपार कायमच कडक होती. मेमध्ये पारा ४२-४३ ला जाणं हे इथलं नेहमीचं. आजोबांच्या काळातही नवतपात पाखरं झाडाखाली पडायची. गेली ती रात्र. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं, हृदयाचा ताण उतरतो, दुसऱ्या दिवसाला माणूस उभं राहतं. ती सहा तासांची सवलत उणावली की तीच दुपार, तेच ४३ अंश, जास्त जीवघेणे होतात. म्हाताऱ्यांना, तान्ह्या लेकरांना, आणि टिनाच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला.

रात्र का निवत नाही? आजी भिंतीवर हात ठेवून तेच सांगत होती. प्रत्येक तापलेली वस्तू रात्री आपली उष्णता आभाळाला देत असते. जमिनीला जेवढं आभाळ दिसतं तेवढी ती निवते. अंगणाच्या मधोमध बाजेला सगळं आभाळ दिसतं. झाडाखाली, भिंतीशी, अरुंद गल्लीत ते कमी दिसतं. भिंत भिंतीला उष्णता देत बसते. हवामानशास्त्रात याला मोजमाप आहे, कॅनडातल्या टिमोथी ओक यांनी त्यावर आयुष्य घालवलं. त्यासाठी उंच मनोरे लागतात असंही नाही. नागपुरात व्हीएनआयटीच्या राजश्री कोठारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराचे बांधणीनुसार भाग पाडून रात्रीची तापमानं मोजली. त्यात बुटक्या पण दाटीने उभ्या घरांचे भाग रात्री उष्णता धरून ठेवणाऱ्यांत पुढे निघाले. भंडाऱ्याचं शहर असंच आहे : दोन-तीन मजली, भिंतीला भिंत लागून, मध्ये सिमेंटचा रस्ता. आमच्याच ले-आउटमध्ये सांदवाडी सोडायला आता कोणी तयार नाही, कारण जागेचा भाव फुटावर आहे. गल्लीसुद्धा सिमेंटची झाली. चिखल गेला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

गच्ची मात्र एकट्या उष्म्याने सुटली नाही. मच्छर वाढले, दूरदर्शनने माणसं खाली ओढली, शेजारी दुसरा मजला चढला आणि बायकांना उघड्यावर निजणं अवघड झालं. आणि कुलर आला. कुलर आमच्याकडे नुसतं यंत्र नाही, तो उन्हाळ्याचा पाहुणा आहे. मार्चच्या शेवटी खाली उतरवायचा, टाकी घासायची, जुनी जाळी फेकून नवी लाकडी भुशाची, ऐपत असेल तर वाळ्याची बसवायची. पहिल्या दिवशी वाळ्याचा वास घरभर. एप्रिल-मेमधली आमची हवा इतकी कोरडी की ओल्या जाळीतून आलेला वारा खरोखर गार लागतो. उसाच्या पट्ट्याचंच तत्त्व, फक्त खिडकीत बसवलेलं. मोकळ्या शेताचा वारा गेला तेव्हा कुलरने विदर्भाला वाचवलं, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पण कुलर कोरड्या हवेवर जगतो. जूनची पहिली ओल आली की तो चिपचिपा वारा फेकतो. आता ते दिवस मेमध्येच येताना मी पाहते. भोवती उन्हाळी धान वाढलं आहे, बोअरच्या आणि नहराच्या पाण्यावर बांध्या मेमध्ये हिरव्या दिसतात. दुपारचा पारा त्याने थोडा उतरत असेल, पण हवेतली ओल वाढते आणि दमट उष्म्यात घाम वाळत नाही. सिंचनाचा हा दुसरा परिणाम देशभर दिसतो, हे आयआयटी गांधीनगरच्या विमल मिश्रा यांच्या गटाने २०२० मध्ये मांडलं. शेतकऱ्याच्या हातात उन्हाळ्यात दोन पैसे येतात, त्याला बोट दाखवणार कोण? कुलर चालेना तसं ज्यांना परवडतं त्यांनी एसी बसवले. एसी खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो. आमच्या गल्लीत रात्री अकराला चाललं तर उजव्या खांद्याला गरम फुंकर लागते, मग चार पावलं गेल्यावर डाव्या. समोरच्या घरात दोन भाडेकरू टिनाच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या दाराशी त्यातली एक फुंकर थेट जाते.

गेल्या वर्षी माळ्यावरून आजीची बाज काढली. सागाचे पाय शाबूत, सुंब कुजलेलं. बाज विणणारा आता शहरात कोणी बसत नाही. एका ओळखीच्याने लाखनीजवळच्या एकाला निरोप दिला. म्हातारा आला, बाजेचे पाय हाताने दाबून पाहिले.

"नायलॉनची पट्टी लावून देतो, बाई. दहा वर्ष पाहायचं काम नाही."

"मला अंबाडीची हवी. नायलॉनवर पाठ घामेजते."

"अंबाडी आता धुऱ्यावरसुद्धा कोनी पेरत नाही," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "टाकता कुठं? आत का बाहीर?"

मी त्याला जिन्याने वर नेलं. गच्चीच्या तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, एका बाजूला एसीची पेटी. तो मधोमध उभा राहिला आणि वर पाहिलं. मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पावलं मोजत गेला, पुन्हा वर पाहिलं, आणि पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, दोन फरश्यांच्या सांध्यावर पाय ठेवून म्हणाला, "इथं टाका. इथून अजून दिसते."

चैत्रात त्याने कुठूनशा जुन्या बांधलेल्या पेंढीतून अंबाडीचा वाख आणला. दोन दिवस माझ्या गच्चीवर बसून त्याने सुंब वळलं, तिसऱ्या दिवशी बाज विणली.